गाव, गावकी आणि पाणवठा

ग्रामीण पाणीपुरवठ्याविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे सरकारी व निमसरकारी वाङ्मय प्रसिद्ध झाले आहे, त्यात ‘लोकसहभाग’ हा शब्द इतक्या वेळा येतो की, तो एखाद्या नव्या शोधाचे नाव आहे असे वाचणाऱ्यास वाटावे. पूर्वी सरकार पाणी देत होते व लोक ते निमूटपणे घेत होते. पुढे लोक स्वतःच योजना आखू लागले, वर्गणी देऊ लागले, पाणीपट्टी ठरवू लागले, असा त्या कथनाचा एकंदर आशय असतो. याच्या नेमके उलट म्हणणारा दुसराही एक पक्ष आहे. त्याच्या मते जुने गाव आपले पाणी आपणच सांभाळीत होते. इंग्रजी अमलाने व पुढे अभियंत्यांच्या खात्याने ती व्यवस्था मोडली, आणि आता तिचीच उसनी प्रत गावाला परत दिली जात आहे. आम्हांस हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. दोघेही ‘लोक’ आणि ‘गाव’ हे शब्द असे वापरतात की जणू त्यांचा अर्थ सदैव एकच होता. वस्तुतः पाणवठ्याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ‘गाव’ या शब्दात कोणाकोणाची गणना करावयाची, या वादाचाच इतिहास आहे.

प्रथम जुन्या व्यवस्थेकडे पाहू. घाटावरच्या गावाचे पिण्याचे पाणी बहुधा तीन-चार ठिकाणांहून येई: ओढ्याच्या पात्रात खणलेले झिरे, गावविहीर, एखाद्या वाड्यातील आड आणि क्वचित पायऱ्यांची बारव. यांपैकी बारवा बहुतेक दानधर्मातून झालेल्या असत. अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेल्या विहिरी, बारवा व घाट यांची नावे इंदूरच्या वाचकांस आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु दात्याने विहीर बांधून दिली तरी वर्षानुवर्षे ती राखण्याचे काम गावालाच करावे लागे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी तळाला गेले की गाळ काढावयाचा, ढासळलेला कठडा सावरावयाचा, रहाटाचा कणा बदलावयाचा, ही कामे श्रमाने वा गावखर्चातून होत. पाणी वाहणाऱ्यालाही गावगाड्यात जागा होती. मोल्सवर्थच्या कोशात बलुतेदारांच्या तीन ओळी दिल्या आहेत. त्यांतील धाकट्या ओळीत भट, मुलाणा व गुरव यांच्या सोबतीला कोळी बसलेला आढळतो. अनेक गावांत पाणी भरणे हे त्याचे काम असून त्याबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळे. तेव्हा व्यवस्थापन म्हणून ज्याला आज नाव दिले जाते, ते गावात नव्हते असे कोणी म्हणू नये.

परंतु या व्यवस्थेत बोलणारे व राबणारे वेगळे होते. पाणी भरण्याचे कष्ट बायकांच्या डोक्यावर, आणि विहिरीविषयीचे बोलणे पारावर बसलेल्या पुरुषांचे. महाराचे तर त्याहून विलक्षण. त्याला गावकीत वतन होते. गावची शीव त्याने दाखवावी, सरकारी वसूल त्याने पोचवावा, शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मानली जावी, एवढा तो गावचा होता. मात्र गावविहिरीत पोहरा टाकण्याचा अधिकार त्याला नव्हता. जेथे त्याच्या वस्तीला स्वतंत्र पाणी नसे तेथे त्याच्या बाईने विहिरीपासून अंतरावर रिकामे मडके ठेवून, कोणी वरून पाणी घालील म्हणून वाट पाहत उभे राहावयाचे. शीव दाखवताना जो गावचा, तो पाण्याच्या वेळी गावाबाहेरचा. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. गावगाडा जवळून पाहिलेल्या या सरकारी अधिकाऱ्याने त्याचे गोडवे गायिलेले नाहीत. जुन्या गावाच्या स्वयंपूर्णतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी तो ग्रंथ एकदा तरी चाळावा, असे आम्हांस वाटते.

गोमंतकात हीच गोष्ट भाषेतच मुरलेली आहे. महाराष्ट्रात ‘गावकरी’ म्हटले की गावात राहणारा कोणीही समजला जातो. गोव्यात ‘गांवकार’ हा शब्द गाव वसविणाऱ्या मूळ कुळांच्या पुरुष वंशजांपुरता होता. त्यांची संस्था ती गांवकरी. पोर्तुगीज अमलात तिलाच ‘कोमुनिदाद’ हे नाव पडले. अफोंसो मेशिया याने १५२६ साली या संस्थेच्या चालीरीती लिहून काढविल्या, तो लेख आजही उपलब्ध आहे. खाजण जमिनींचे बांध, त्यांवरील मानशी, तळी, वाटा, देवालये व गावचे सेवक या सर्वांचा खर्च गांवकरी सामायिक उत्पन्नातून करी आणि उरलेल्यातून गांवकारांना ‘झोण’ वाटी. समुद्राचे खारे पाणी शेतात व विहिरींत शिरू न देणे हे ज्या प्रदेशात जीवनमरणाचे काम, तेथे शेकडो वर्षे बांध राखणारी ही संस्था सामुदायिक व्यवस्थापनाचा भक्कम नमुना होती, यात संशय नाही. पण बांधावर माती टाकणारे कूळ, भाटात राहणारा मुंडकार आणि कोणत्याही घरची स्त्री यांना त्या सभेत स्थान नव्हते. पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या वर्षी, १९६१ साली, कोमुनिदादींची शेवटची संहिता निघाली. मुक्तीनंतर १९६२ च्या नियमनाने ग्रामपंचायती आल्या, आणि गावाचा कारभार वंशाऐवजी मतावर चालू लागला. गावाच्या सामायिक जमिनी मात्र बव्हंशी कोमुनिदादींकडे राहिल्या. एका गावात ‘गाव’ म्हणविणाऱ्या दोन संस्था, अशी ही चमत्कारिक स्थिती गोमंतकीय वाचकांच्या परिचयाची आहे.

‘गाव’ या शब्दाची व्याप्ती वाढविण्याचा पहिला उघड प्रयत्न देशावर एका खाजगी घरातून झाला. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ही एका कुटुंबाची कृती होती. सार्वजनिक पाण्याचा प्रश्न सार्वजनिक रीतीने उभा राहण्यास आणखी पंचावन्न वर्षे जावी लागली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. या ठरावाचे मर्म ‘सार्वजनिक पैसा’ या शब्दांत आहे. पाणी कोणाचे, या प्रश्नाला तोवर धर्माने व रूढीने उत्तर दिले जाई. बोले यांनी ते जमाखर्चाच्या वहीतून दिले. ज्या विहिरीवर सर्वांच्या कराचा पैसा खर्च झाला ती सर्वांची, हा विचार आज सोपा वाटतो. त्या काळी तो क्रांतिकारक होता.

महाडचा पुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे, असे समजून तो बहुधा दोन वाक्यांत उरकला जातो. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यातील तपशीलच महत्त्वाचा आहे. महाड हे गाव नगरपालिकेचे, म्हणजे खेडे नव्हे. पण मार्च १९२७ मध्ये तेथे भरलेली परिषद ही कुलाबा जिल्ह्यातील बहिष्कृतांची, आणि तीत जमलेले बहुसंख्य लोक भोवतालच्या खेड्यांतले. बाजाराला, कचेरीला महाडास यावे तर घोटभर पाणी मिळू नये, ही त्यांची नित्याची अवस्था. परिषदेसाठीसुद्धा चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून पाणी विकत घ्यावे लागले. वास्तविक बोले ठरावास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजीच चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. तीन वर्षे तो कागदावर पडून होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक तळ्यावर गेली व लोकांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर देवळात शिरण्याचा बेत असल्याची कंडी पिकली, लोकांना मारहाण झाली, आणि पुढे १०८ घागरी पाणी काढून पंचगव्याने तळ्याची शुद्धी करण्यात आली. ज्या तळ्यावर मुसलमान व इतर धर्मीय पाणी भरीत होते, जनावरे पाणी पीत होती, त्याची ही शुद्धी होती, हे विसरता येत नाही.

याच्या नंतरचे पाऊल आम्हांस अधिक बोलके वाटते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे होत असता, महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ही कोणा बाहेरच्या सत्तेची आज्ञा नव्हती. स्थानिक स्वराज्य संस्थेने, स्थानिक लोकमतास मान देऊन, आपल्या अखत्यारीतील पाण्याविषयी केलेला तो निर्णय होता. आजच्या परिभाषेत म्हणावयाचे तर तोही लोकसहभागच! त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबर १९२७ पासून दुसरी परिषद भरली, तिला जागा एका मुसलमान गृहस्थाने दिली. तिच्यात मनुस्मृतीचे दहन झाले; पण न्यायालयाचा हुकूम मोडावयाचा नाही असे ठरून पाणी न घेता तळ्यास प्रदक्षिणा घालण्यात आली. पुढे दहा वर्षे दावा चालला. १९३१ साली खालच्या न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांस वगळणारी अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, हा त्यातील मुख्य मुद्दा. एका तळ्याचे पाणी सर्वांचे ठरावयास विधिमंडळाचा ठराव, नगरपालिकेचे दोन परस्परविरोधी ठराव, दोन परिषदा आणि तीन न्यायालयांचे निकाल लागले. निजामाच्या राज्यातही वेगळे चित्र नव्हते. १९३४ साली दौलताबादचा किल्ला पाहावयास गेलेल्या आंबेडकरांच्या मंडळींनी तेथील हौदावर हातपाय धुतले, तेव्हा त्यांच्यावर धावून आलेले लोक मुसलमान होते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

हा अनुभव पाठीशी असलेला मनुष्य संविधानाचा मसुदा मांडावयास उभा राहिला, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ४ नोव्हेंबर १९४८ च्या त्यांच्या भाषणात खेड्यावर एवढी कठोर टीका का आली, हे उमगते. ती टीका अनेक सभासदांस झोंबली. त्याच महिन्यात के. संतानम् यांच्या सूचनेवरून ग्रामपंचायतींविषयीचे कलम घालण्यात आले. तेच आजचे ४० वे. पण त्याच्याही आधी, मूलभूत हक्कांत, १५ व्या कलमात विहिरी, तळी व स्नानघाट यांचा नामनिर्देश झालेला आहे. सरकारी निधीतून पूर्णतः वा अंशतः चालविलेल्या अथवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या स्थळांविषयीचे त्यातील शब्द पाहिले की बोले ठरावाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. गावाला सत्ता देणारे कलम आणि गावाच्या सत्तेस मर्यादा घालणारे कलम, दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. पाण्याच्या बाबतीत तरी दुसऱ्याशिवाय पहिले पुरे नव्हते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे दंडनीय ठरले. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात पिण्याच्या पाण्याची सोय पंचायतीच्या कामांत समाविष्ट झाली. पैसा मात्र तुटपुंजा होता, आणि सामाजिक प्रश्न टाळण्याची एक सोपी रीत सर्वत्र रूढ झाली होती: वाद असेल तेथे दलित वस्तीला निराळी विहीर पाडून द्यावयाची. तहान भागली आणि तंटाही मिटला, असे त्यात समाधान असे. तंटा मिटला नव्हता. एका गावाचे दोन पाणवठे अधिकृत झाले होते.

१९७२ च्या दुष्काळाने हे झाकण उघडले. मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांत विहिरी कोरड्या पडल्या, आणि काळ्या पाषाणात यंत्राने विंधन विहिरी घेणे हाच तातडीचा उपाय ठरला. या कामी महाराष्ट्राने देशाला एक मोलाची वस्तू दिली, ती फारशी कोणाच्या ध्यानात नसते. आधीचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले. सारे गाव त्यांवर लोटले की ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. जालना व सोलापूर येथील मिशनऱ्यांच्या विहिरी-कामातून पोलादी, दणकट हापसा तयार झाला. सोलापूरच्या हापशावरूनच पुढे युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप घडविला गेला, आणि तो भारतभर व परदेशांतही पोचला. पण त्या दणकटपणातच एक गोम होती. आतील वाटी बदलावयाची तर नळांची सारी लांबी वर ओढावी लागे. त्यासाठी तिकाटणे, अवजारे व चार माणसे हवीत, म्हणजे तालुक्याची वा जिल्ह्याची गाडी यावयास हवी. हापसा गावात, दुरुस्ती बाहेर. याची जाणीव होऊनच पुढील ‘मार्क तीन’मध्ये नळ रुंद ठेवून दट्ट्या वरच्यावर काढता येईल अशी योजना झाली. गावाने पाणी सांभाळावे असे म्हणणे सोपे आहे. ते सांभाळता येईल असे यंत्र हाती देणे ही त्याची पूर्वअट होती.

याच दुष्काळाच्या सुमारास बाबा आढाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ हाती घेतली. गावोगाव जाऊन, सार्वजनिक विहिरीवर सर्वांना पाणी भरता येते की नाही हे प्रत्यक्ष पाहावयाचे, आणि येत नसेल तर गावाशी बोलून सर्वांनी मिळून पाणी भरावयाचे, अशी तिची साधी रीत होती. कायदा होऊन सतरा वर्षे झाली असता पुष्कळ गावांत पाणवठे वेगळेच असल्याचे त्यांना आढळले. या चळवळीचे नाव आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पाणवठे दोन असतील तर गावेही दोन आहेत, हे चार शब्दांत सांगणारे एवढे नेमके वाक्य विद्वानांच्या लेखनात सहसा सापडत नाही.

आता लोकसहभागाच्या अलीकडच्या पर्वाकडे येऊ. १९८६ साली राष्ट्रीय पेयजल अभियान सुरू झाले. २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे द्यावयाच्या विषयांत पिण्याचे पाणी गेले आणि स्त्रियांस किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. १९९९ च्या क्षेत्रसुधारणेच्या प्रयोगानंतर २५ डिसेंबर २००२ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांनी ‘स्वजलधारा’ योजना जाहीर केली. ग्वाल्हेरात जन्मलेल्या पंतप्रधानांचा तो जन्मदिवस. महाडच्या दुसऱ्या परिषदेसही त्याच दिवशी ७५ वर्षे पूर्ण होत होती. हा केवळ योगायोग आहे, पण इतिहास शिकविणाऱ्यास तो वर्गात उपयोगी पडावा. भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा लोकांनी द्यावा आणि योजना चालविण्याचा सर्व खर्च सोसावा, हे तिचे सूत्र. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ पासून महाराष्ट्रात झालेल्या ‘जलस्वराज्य’ प्रकल्पात गावाच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या स्त्रिया, हिशेब तपासणारी निराळी समिती, आणि पैसा थेट गावाच्या हाती, अशी पुढची पायरी गाठली गेली.

या योजनांवर दोन प्रकारे टीका होते. सरकारने आपली जबाबदारी झटकली, हा एक आक्षेप. समित्या कागदोपत्री असतात, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. विशेषतः दहा टक्के वर्गणीचे सूत्र आम्हांस पुरते पटलेले नाही. बोले यांच्या विचाराप्रमाणे पाणी सर्वांचे ठरले ते कराच्या पैशामुळे, म्हणजे कोणी किती दिला हे न विचारता. वर्गणीत नाव येते, आकडा येतो. ज्याचा आकडा मोठा त्याचा आवाजही मोठा होतो, आणि जो भूमिहीन मजूर वर्गणी देऊ शकत नाही त्याच्या वतीने एखादा ठेकेदार ती भरून टाकतो. तथापि एक गोष्ट या टीकाकारांच्या नजरेतून निसटते. शतकानुशतके ज्या बाईने घागरी वाहिल्या, परंतु पारावर जिला जागा नव्हती, तिचे नाव विहिरीच्या कारभाराच्या कागदावर प्रथम याच काळात लागले. ते नाव पुष्कळदा नवऱ्याच्या सांगण्यावरून लागते व सही करण्यापुरतेच असते, हे खरे. पण महाडच्या नगरपालिकेचा १९२४ चा ठरावही तीन वर्षे कागदापुरताच होता, आणि तो कागदावर होता म्हणूनच १९२७ साली त्याची अंमलबजावणी मागता आली.

समिती कितीही चांगली असली तरी तिच्या अधिकाराची हद्द विहिरीच्या कठड्यापाशी संपते, ही याहून मोठी अडचण आहे. गावाची विहीर उथळ. शेजारच्या मळ्यातील विंधन विहीर खोल. उसाला पाणी सुरू झाले की गावविहीर आटते. १९९३ साली महाराष्ट्राने यासाठी कायदा केला व सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास मनाई केली. पुढे २००९ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. पण मनाई बजावण्याचे अधिकार अधिकाऱ्याकडे, आणि मळेवाला बहुधा पंचायतीत बसलेला. अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरेबाजारने १९८९ नंतर हा पेच गावापुरता सोडविला. विंधन विहिरीचे पाणी शेतीस वापरावयाचे नाही, ऊस-केळीसारखी पिके घ्यावयाची नाहीत, आणि दरवर्षी पावसाच्या मापावरून पाण्याचा ताळेबंद मांडून प्रथम पिण्याचे पाणी राखावयाचे, असे नियम तेथे ग्रामसभेने केले. तेथे पोपटराव पवारांसारखा नेता होता म्हणून हे झाले, इतर गावांनी काय करावे, असा प्रश्न विचारला जातो व तो रास्त आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी ‘जलजीवन’ अभियान जाहीर झाले. दर घरी नळ आणि दर माणशी दर दिवशी ५५ लिटर पाणी, हे त्याचे उद्दिष्ट. घरोघर नळ येतो तेथे पाणवठाच नाहीसा होतो, आणि त्याबरोबर पाणवठ्यावरचा जुना वादही उघड्यावर दिसेनासा होतो. तो जातो नळाच्या चावीकडे. बेळगावच्या वाचकांस कानडी मुलखातील नीरगंटी ठाऊक असेल. तळ्याच्या तोंडाची उघडझाप करून शेतोशेती पाणी वाटणारा हा गावसेवक बहुधा अस्पृश्य जातीचा असे. पाणी त्याच्या हाताने सुटे, पण कोणासाठी व किती वेळ सोडावयाचे हे गावातील प्रमुख ठरवीत. नळयोजनेत तेच काम व्हॉल्व्ह फिरविणाऱ्या कर्मचाऱ्याकडे आले आहे. त्याचे वेतन पंचायत देते, वेळापत्रक समिती ठरविते, आणि टाकीजवळच्या आळीला किती मिनिटे व नळाच्या शेवटच्या टोकास असलेल्या वस्तीला किती, हे त्या वेळापत्रकात कोठे लिहिलेले असते, कोठे नसते.